हस्तकला प्रदर्शनाच्या निवड समितीसमोर गोधडी : एका बचत गटाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातल्या एका महिला बचत गटाचे आहे. गटाचे, गावाचे आणि ज्या प्रदर्शनासाठी अर्ज केला त्याचे नाव येथे दिलेले नाही, तसेच ओळख पटू नये इतपत काही तपशील बदलले आहेत. अर्ज, हिशेब आणि कागदपत्रे यांच्या कामात मी या गटाला मदत करत होते, त्यामुळे पुढील घटनाक्रम जवळून पाहता आला.

गटात अकरा जणी आहेत. त्यांपैकी नऊ जणी हाताने गोधड्या शिवतात, ज्यांना त्या भागात वाकळ म्हणतात, आणि दोन तरुण सुना शिलाई मशीनवर कापडी पिशव्या, उशांचे अभ्रे व मोबाइलची पाकिटे शिवतात. गोधडी शिवणे हे या गावात पिढ्यान् पिढ्या चालत आलेले काम आहे. वापरून मऊ झालेल्या सुती साड्या आणि धोतरे थरावर थर अंथरायची, वर रंगीत तुकड्यांची जुळणी करायची, कच्च्या टाक्यांनी सगळे एकत्र टाचून घ्यायचे आणि मग कडेपासून धावदोरा घालत, चौकटीच्या आत चौकट अशा रीतीने मध्यापर्यंत यायचे, ही त्याची पद्धत आहे. घरातल्या वापरासाठी, लेकीच्या बाळंतपणासाठी आणि शेजारपाजारच्यांच्या मागणीवरून त्या शिवल्या जात. विक्री झालीच, तर मोठी गोधडी आठशे ते अकराशे रुपयांना जाई.

राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे उमेदमध्ये, गटाची नोंद होती, बँकेत खाते होते आणि आपसातील कर्जाची परतफेड वेळेवर होत होती. संस्था म्हणून गट पक्का होता. मात्र शहरातल्या गिऱ्हाइकाशी थेट व्यवहार करण्याचा अनुभव एकीलाही नव्हता.

मुंबईत दर हिवाळ्यात भरणाऱ्या एका हस्तकला प्रदर्शनाची माहिती गटाच्या सचिव वहिनींना त्यांच्या भावाकडून मिळाली. या प्रदर्शनात पैसे भरले म्हणून जागा मिळत नाही. कारागिरांनी अर्ज करायचा, वस्तूंची छायाचित्रे आणि कामाचे वर्णन पाठवायचे आणि निवड समितीने प्रत्येक प्रकारातले मोजके अर्ज निवडायचे, अशी तेथील रीत आहे. निवड झाल्यावरच भाडे भरायचे असते. गटाने २०२३च्या पावसाळ्यानंतर पहिला अर्ज केला आणि तो नाकारला गेला.

अडचण नेमकी कोठे होती

नकाराचे पत्र दोन ओळींचे होते. वस्त्रप्रकारात अर्ज फार आल्यामुळे या वर्षी जागा देता येत नाही, एवढेच त्यात लिहिले होते. गावात त्याचा अर्थ लगेच लावला गेला : शहरात ओळख लागते, आपल्याला कोण विचारतो. अध्यक्षा ताईंनी तर हा विषय बंद करावा असेच सुचवले. मला मात्र अर्ज पुन्हा एकदा शांतपणे वाचून पाहणे महत्त्वाचे वाटले, कारण समितीने गोधडी हातात घेतलेली नव्हती. तिने पाहिला होता तो अर्ज.

अर्जासोबत सहा छायाचित्रे होती. त्यांपैकी दोनच गोधड्यांची होती, आणि त्यांतही गोधड्या घडी घालून एकावर एक ठेवलेल्या होत्या. सिमेंटच्या फरशीवर, रात्री, फ्लॅश मारून ती काढलेली असल्याने रंग फिके पडले होते आणि एकही टाका दिसत नव्हता. उरलेल्या चारांत मशीनवर शिवलेल्या पिशव्या, अभ्रे, पाकिटे आणि एका कोपऱ्यात गटाच्या पापडांची पाकिटे होती. आपल्याकडे जे जे आहे ते सगळे दाखवावे, म्हणजे निवडीची शक्यता वाढेल, या समजुतीने वहिनींच्या पुतण्याने अर्ज भरला होता. ही समजूत अगदी स्वाभाविक आहे, कारण सरकारी योजनांच्या अर्जात जास्त कामे दाखवलेली चालतात. निवड समितीच्या बाबतीत तिचा परिणाम उलटा होतो. हाताने काय केले आणि मशीनवर काय केले हे ज्या अर्जातून कळत नाही, तो अर्ज हस्तकलेच्या प्रदर्शनात मागे पडणारच.

दुसरी गोष्ट किमतीची होती. किमतीच्या रकान्यात ‘गोधडी, मोठी, १,१०० रुपये’ असे लिहिले होते. कमी किंमत हा आपला गुण ठरेल असे गटाला वाटले होते. पण ज्यांना हातकामाचा अंदाज आहे, त्यांना साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब गोधडी हाताने शिवून अकराशे रुपयांत विकता येत नाही हे एका नजरेत कळते. अशा किमतीचे दोनच अर्थ निघतात : एक तर शिलाई मशीनची आहे, किंवा शिवणारीला मजुरी मिळत नाही. कोणताही अर्थ अर्जाच्या बाजूचा नव्हता.

तिसरी उणीव वर्णनात होती. ‘आम्ही महिला बचत गट असून महिलांना रोजगार देतो’ अशा चार वाक्यांत वर्णन संपले होते. कापड कोठून येते, किती थर असतात, कोण शिवते, किती वेळ लागतो, यांतले काहीच त्यात नव्हते. वाईट याचे वाटले की हे सगळे सांगण्याजोगे होते आणि गटातली प्रत्येक बाई ते न अडखळता सांगू शकली असती. अर्ज भरताना त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

समोरचे पर्याय

नकारानंतर गटाची जी बैठक झाली तिच्यात चार वाटांची चर्चा झाली.

पुण्यातील एका दुकानाने गोधड्या विक्रीला ठेवण्याची तयारी दाखवली होती. माल विकला गेला की चाळीस टक्के दुकानाचे, उरलेले गटाचे. येथे निवडीचा प्रश्न नव्हता आणि बाईमाणसाला घर सोडून कोठे जावे लागणार नव्हते, ही त्यातली जमेची बाजू. पण अकराशेच्या जुन्या किमतीतून चाळीस टक्के गेले तर हाती कापडाचे पैसे आणि थोडी मजुरी एवढेच उरणार होते, आणि माल विकेपर्यंत तेही नाही.

दुसरी वाट मंगल कार्यालयांत आणि सभागृहांत भरणाऱ्या व्यापारी प्रदर्शनांची होती. भाडे भरले की टेबल मिळते. गटातील दोघी तरुणींचा कल इकडे होता, कारण त्यांच्या पिशव्या तेथे सहज खपल्या असत्या. गोधडीच्या दृष्टीने मात्र ही जागा योग्य वाटली नाही. शेजारी कारखान्यातली रजई आठशेला मिळत असेल, तर हाताची गोधडी महाग कशी हे सांगण्यातच दिवस जातो.

तिसरी वाट उमेदमार्फत भरणाऱ्या विक्री प्रदर्शनांची होती. राज्य पातळीवर मुंबईत महालक्ष्मी सरस भरते, जिल्ह्यांतही अशी प्रदर्शने होतात, आणि तेथे गटांना अभियानाच्या यंत्रणेतूनच जागा मिळते. यात खर्च कमी आणि शिकायला वाव जास्त. परंतु तेथे येणारे बहुतेक गिऱ्हाईक मसाले, चटण्या, पापड घ्यायला येते, आणि तीन हजारांची गोधडी विकत घेण्याची त्याची तयारी असेलच असे नाही.

चौथी वाट म्हणजे त्याच मुंबईच्या प्रदर्शनासाठी पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करणे. परराज्यातील प्रदर्शनांचाही विषय निघाला होता. पण राज्याबाहेर माल विकण्याचे करनियम वेगळे आहेत, तर महाराष्ट्रात फक्त मालविक्री करणाऱ्यासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा वार्षिक चाळीस लाख रुपये उलाढालीची आहे. गटाची उलाढाल तिच्या जवळपासही नव्हती, त्यामुळे तूर्त राज्यातच राहायचे ठरले.

शेवटी तिसऱ्या आणि चौथ्या वाटेची सांगड घालण्यात आली. जिल्ह्यातल्या प्रदर्शनात आधी उभे राहून पाहायचे, तेथे जे समजेल ते घेऊन मुंबईसाठी अर्ज करायचा. दुकानाला नकार न देता, किंमत ठरेपर्यंत थांबण्याची विनंती केली गेली.

पहिला निर्णय : काय वगळायचे

सर्वांत अवघड निर्णय पिशव्यांचा होता. अर्जात फक्त हातशिलाईच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी दाखवायची ठरली, तर दोघी तरुणींचे काम त्यातून बाहेर पडणार होते. त्या दोघी गटात नियमित पैसे भरत होत्या, गोधडीच्या साड्या धुण्यापासून हिशेब लिहिण्यापर्यंत मदत करत होत्या, आणि त्यांच्या पिशव्यांतून घरात दरमहा थोडे का होईना पैसे येत होते. ‘आमची शिलाई काय शिलाई न्हाई का?’ हा त्यांच्यातल्या एकीचा प्रश्न रास्त होता, आणि बैठकीत त्याला कोणी चटकन उत्तर दिले नाही.

बऱ्याच चर्चेनंतर असे ठरले की पिशव्यांची विक्री गावातल्या व तालुक्याच्या बाजारात पूर्वीप्रमाणे सुरू राहील, मुंबईच्या अर्जात ती दाखवली जाणार नाही, आणि प्रदर्शनात गोधडी बांधून द्यायला ज्या पिशव्या लागतील त्या या दोघींकडून गट रोख पैसे देऊन घेईल. निर्णय व्यवहार्य होता, तरी तो पूर्णपणे समाधानकारक होता असे मी म्हणणार नाही. एखाद्या गटाला हस्तकला म्हणून उभे राहायचे असेल तर अशी काटछाट करावी लागते, आणि ती कोणाला तरी बोचते.

दुसरा निर्णय : जुन्या साड्या की नवे कापड

शहरातले लोक दुसऱ्याने वापरलेले कापड अंगावर घेतील का, ही शंका काही जणींना होती. त्यांचे म्हणणे असे की बाजारातून नवे रंगीत कापड आणावे, म्हणजे माल चकचकीत दिसेल. मावशी, ज्या गटातल्या सर्वांत वडील आणि ज्यांचा हात सर्वांत सफाईदार, त्या याला तयार नव्हत्या. नव्या कापडाला खळ असते, त्यामुळे अनेक थरांतून सुई ओढताना बोटे दुखतात, आणि शिवून झाल्यावरही गोधडी ताठर राहते. वापरून वापरून मऊ पडलेले सुती कापडच अंगाला बिलगते, हे त्यांचे म्हणणे अनुभवाचे होते.

गटाने जुन्या साड्यांचीच बाजू घेतली, पण तिला शिस्त लावली. घरोघरी भांडी देऊन जुने कपडे घेणाऱ्या बोहारणींकडून निवडून साड्या घेण्याची सोय केली. आतल्या थरात फक्त सुती कापड घालायचे ठरले, कारण कृत्रिम धाग्याची साडी सुईखाली सरकते आणि उबही देत नाही. साडी सुती आहे की नाही हे कळण्यासाठी तिच्या पदराचा एक धागा काढून जाळून पाहायचा : सुती धागा जळून त्याची राख होते आणि जळक्या कागदाचा वास येतो, कृत्रिम धागा वितळून त्याची कडक गुठळी होते. प्रत्येक साडी उकळत्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवायची, हा नियमही तेव्हाच झाला. पुढे अर्जातल्या वर्णनात ही सगळी प्रक्रिया सविस्तर लिहिली गेली, आणि माझ्या मते वर्णनाचा तोच भाग सर्वांत भक्कम ठरला.

तिसरा निर्णय : किंमत

किंमत ठरवण्यासाठी आधी वेळ मोजावा लागला. गोधडीच्या कामाचे तास मोजायचे ही कल्पनाच बायकांना विचित्र वाटली, कारण हे काम दुपारच्या वेळी, गप्पा मारत, स्वयंपाक आणि जनावरे सांभाळून होते. तरीही सुईला हात लावला की वहीत वेळ मांडायची, असे करून काही गोधड्यांची नोंद ठेवली गेली. साड्या धुणे, तुकडे जुळवणे, टाचणे आणि शिवणे धरून मोठ्या गोधडीला सरासरी ५८ तास, आणि तीन फूट लांब-रुंद दुपट्याला १४ तास लागतात असे निघाले.

मजुरीचा दर कोणता धरायचा यावर आधाराला रोजगार हमीची मजुरी घेतली. २०२४-२५ या वर्षासाठी महाराष्ट्रात ती दिवसाला २९७ रुपये होती, म्हणजे आठ तासांचा दिवस धरला तर तासाला ३७ रुपये. अनेक वर्षांच्या सरावाचे हे काम कौशल्याचे आहे, आणि त्याला अंगमेहनतीच्या कामाइतकाच दर लावणे मला मान्य नव्हते. पण गटाला पहिल्या वर्षी याहून वर जाण्याचे धाडस होईना, आणि तो निर्णय त्यांचाच होता. या दराने मोठ्या गोधडीची मजुरी २,१४६ रुपये, कापड व दोरा ४२० रुपये, भाडे व प्रवासाचा वाटा ६०० रुपये, आणि त्यावर सुमारे दहा टक्के गटाचा निधी, असे मिळून किंमत ३,५०० रुपये ठरली. दुपट्याची ८५० रुपये.

आकडा ऐकून बैठकीत शांतता पसरली. आजवर अकराशेच्या वर कधी न विकलेली वस्तू साडेतीन हजारांना कोण घेणार, हा प्रश्न सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता. गणपतीच्या आधी जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या प्रदर्शनात तीच किंमत लावली, तेव्हा मोठ्या गोधड्या दोनच गेल्या, दुपटी मात्र बऱ्यापैकी गेली. दोनच गेल्या याचे दुःख झाले नाही. घासाघीस न करता दोन माणसांनी साडेतीन हजार मोजले, ही गोष्ट बायकांच्या दृष्टीने मोठी होती.

अर्जाची नवी मांडणी

दुसऱ्या अर्जासाठी छायाचित्रे सकाळी, उन्हाच्या तिरपीपासून दूर, शाळेच्या व्हरांड्यात काढली. गोधडी बांबूवर पूर्ण पसरून टांगली, म्हणजे तिची सगळी जुळणी दिसावी. एक छायाचित्र शिवणाऱ्या हातांचे, एक कोपऱ्याचे, एक दुपट्यांचे. समितीला दालनाची, म्हणजे स्टॉलची, मांडणीही पाहायची होती, म्हणून त्याच व्हरांड्यात दालनाच्या मापाची जागा खडूने आखून, बांबू उभे करून, माल लावून ती दाखवली. आधी कधीच अशा ठिकाणी विक्री केलेली नसली, तरी जागा कशी वापरणार हे ठरवलेले आहे, एवढे त्यातून कळते.

हातशिलाई आहे हे छायाचित्रातून कसे पटवायचे, यावर मात्र अडले होते. वर्णनात लिहून भागत नाही, कारण तसे सगळेच लिहितात. तेव्हा मावशी म्हणाल्या, ‘पोरी, उलटी करून दाव की त्यास्नी.’ हे सुचवणे अचूक होते. मशीनच्या शिलाईत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत अडकतात, त्यामुळे दोन्ही बाजूंना टाक्याला टाका लागून सलग रेघ दिसते. हाताच्या धावदोऱ्यात एकच दोरा खाली-वर जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना एक टाका, मग तेवढीच मोकळी जागा, पुन्हा टाका, असे दिसते. आणि टाके कितीही सराईत हाताचे असले तरी त्यांत केसभर कमीजास्त असतेच. गोधडीचा कोपरा दुमडून, सरळ आणि उलटी बाजू शेजारी शेजारी ठेवून, टाके मोजता येतील इतक्या जवळून एक छायाचित्र काढले. तेच अर्जात पहिले लावले.

कागदपत्रांत जीएसटी क्रमांकाऐवजी उलाढाल मर्यादेखाली असल्याची स्वयंघोषणा जोडली. कारागीर ओळखपत्राचा रकाना ऐच्छिक होता. दोघींनी वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तशिल्प विकास आयुक्तांकडून मिळणाऱ्या ‘पहचान’ ओळखपत्रासाठी अर्ज केला होता, पण ते हाती आले नव्हते, म्हणून तसे स्पष्ट लिहिले. दालनात कारागिराने स्वतः हजर राहावे अशी अट होती. मावशींना इतके दिवस गाव सोडणे शक्य नव्हते, तेव्हा शिवणाऱ्यांपैकी दोघी आणि हिशेबाला सचिव वहिनी, अशी तिघींची नावे दिली.

प्रतीक्षायादी आणि चौथा निर्णय

नोव्हेंबरमध्ये उत्तर आले ते प्रतीक्षायादीचे. नकार नाही, होकारही नाही. कोणी निवडलेला कारागीर मागे हटला तर जागा मिळेल, असे त्यात म्हटले होते. या टप्प्यावर घेतलेला निर्णय मला या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो.

प्रदर्शन जानेवारीत होते. जागा मिळणार नसेल तर आणखी माल शिवणे म्हणजे कापडाचे पैसे आणि शेकडो तास अडकवणे. जागा मिळाली आणि माल नसेल, तर भाडे भरून रिकाम्या दालनात बसणे. गटाने मधला मार्ग काढला. मोठ्या गोधड्या ज्या सुरू होत्या त्या पुऱ्या करायच्या, नव्या सुरू करायच्या नाहीत, आणि नवा वेळ दुपट्यांना द्यायचा, कारण दुपटी मुंबई हुकली तरी गावात आणि तालुक्यात बारशांच्या निमित्ताने विकली जातात. शिवून झालेल्या प्रत्येक नगाची निम्मी मजुरी गटाच्या फिरत्या निधीतून लगेच द्यायची, निम्मी विक्रीनंतर. त्यामुळे ज्या घरांना पैशांची निकड होती, त्यांना वाट पाहावी लागली नाही.

यासोबत वहिनींनी आयोजकांना एक साधे पत्र पाठवले : माल तयार आहे, ऐन वेळी कळवले तरी येऊ शकतो. आग्रह नाही, ओळखपाळख नाही. डिसेंबरच्या मध्यावर एक जागा रिकामी झाल्याचा फोन आला. यादीतल्या आणखी कोणाला आधी विचारले होते का हे मला माहीत नाही, पण ज्याला जागा भरायची घाई असते, त्याला ‘तयार आहे’ हा शब्द उपयोगी पडतो, एवढे खरे.

निष्पत्ती

चोवीस मोठ्या गोधड्या आणि चाळीस दुपटी घेऊन तिघी जणी मुंबईला गेल्या. चार दिवसांत पंधरा मोठ्या गोधड्या आणि छत्तीस दुपटी विकली गेली, म्हणजे एकूण ८३,१०० रुपयांची विक्री झाली. गटाच्या खात्याला जोडलेल्या क्यूआर कोडवर पैसे येत असल्याने व्यवहार उघड राहिला आणि हिशेबावरून कुरबुर झाली नाही.

हिशेब मात्र वाटला तितका गोड नव्हता. भाडे १२,००० आणि प्रवास, मुक्काम, जेवण ८,४००, असे २०,४०० रुपये खर्च झाले. विकलेल्या मालाची मजुरी ५०,८३८ आणि साहित्य १०,२६० रुपये. सगळे वजा जाता गटाच्या निधीत १,६०२ रुपये पडले. कारण सरळ होते : भाडे व प्रवासाचा वाटा नगावर लावताना सगळा माल विकला जाईल असे धरले होते. न विकलेल्या नऊ मोठ्या गोधड्यांचा आणि चार दुपट्यांचा वाटा विकलेल्या मालाला उचलावा लागला, आणि त्यांची निम्मी मजुरी देणे बाकीच होते.

कोणाला १,६०२ रुपये ही चेष्टा वाटेल. मला तसे वाटत नाही, कारण शिवणाऱ्या प्रत्येकीला विकल्या गेलेल्या कामाचा तासाचा दर पूर्ण मिळाला, आणि त्या गावात गोधडीच्या बाबतीत असे प्रथमच घडले.

खरा फायदा दुसरीकडून आला, आणि तो कोणी योजलेला नव्हता. प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एका बाईंनी विचारले, की आईच्या साड्या घरात पडून आहेत, त्यांची गोधडी करून द्याल का. पाठोपाठ आणखी काही जणांनी तेच विचारले. तिघींनी फोनवर गावाशी बोलून मोठ्या गोधडीच्या शिलाईचा दर २,८०० रुपये सांगितला, निम्मे पैसे आगाऊ. प्रदर्शन संपेपर्यंत एकोणीस मागण्या नोंदल्या गेल्या. येथे कापड गिऱ्हाइकाचे, विक्रीची जोखीम नाही, आणि माल पडून राहण्याची भीती नाही.

चार महिन्यांत काम देऊ असे कबूल केले होते. नऊ जणींनी रोज तीन तास शिवले तर दीड महिन्यात होईल, असा अंदाज होता. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारीची काढणी आली, नंतर लग्नसराई, आणि शेवटची गोधडी जूनच्या तोंडावर पोहोचली. दोन गिऱ्हाइके नाराज झाली, पण वहिनी दर पंधरा दिवसांनी फोन करून काम कोठवर आले ते सांगत असल्याने कोणी पैसे परत मागितले नाहीत.

काय वेगळे करता आले असते

किमतीत खर्चाचा वाटा धरताना दोन तृतीयांश मालच विकला जाईल असे गृहीत धरायला हवे होते. मोठी गोधडी ३,९०० रुपयांना ठेवली असती तरी विक्रीत फार फरक पडला नसता, असे दालनात बसलेल्या तिघींचे मत आहे आणि ते मला पटते, कारण ज्यांनी घेतली त्यांनी किमतीवर फारसे अडवले नाही आणि ज्यांनी घेतली नाही त्यांना अडीच हजारही जास्त वाटले असते.

पहिल्या नकारानंतर आयोजकांना कारण विचारायला हवे होते. आम्ही अर्ज स्वतः तपासून उणिवा शोधल्या, त्या बहुधा बरोबर होत्या, पण नम्रपणे विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले असते तर अंदाजावर विसंबावे लागले नसते. ज्या प्रदर्शनासाठी अर्ज करायचा ते आधी एकदा गिऱ्हाईक म्हणून पाहून येणेही गरजेचे होते. गटातल्या कोणीच ते पाहिले नव्हते. एक दिवस तेथे फिरल्यावर कोणत्या प्रकारात किती दालने आहेत, किमती काय आहेत, गोधडीसारखे दुसरे काही आहे का, हे दिसले असते, आणि पहिल्या अर्जातली पापडांची पाकिटे तरी टळली असती.

मागण्या नोंदवताना शेतीचे वेळापत्रक समोर ठेवायला हवे होते. तास मोजण्याची वही गटाकडे होती, पण सुगीत कोणाचे किती तास उरतात हे तिच्यात नव्हते. आता गट फेब्रुवारी ते एप्रिल या काळासाठी नव्या मागण्या घेत नाही.

मावशींना एक दिवस तरी मुंबईला नेण्याची सोय करायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते. दालनात सुई घेऊन बसलेली बाई पाहिली की लोक थांबत, कोपरा उलटून पाहत, किती दिवस लागले ते विचारत. ते सर्वांत चांगले सांगू शकणारी व्यक्ती घरी होती.

दोघी तरुणींचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. एकीने मावशींच्या शेजारी बसून धावदोरा शिकायला सुरुवात केली आहे आणि तिची दोन दुपटी पुढच्या अर्जातल्या मालात असतील. दुसरीने पिशव्यांचेच काम वाढवायचे ठरवले असून तालुक्याच्या एका दुकानाशी तिचे स्वतंत्र बोलणे सुरू आहे. गटाने तिला आपसातील निधीतून मशीनसाठी कर्ज दिले आहे. मुंबईच्या प्रदर्शनाची निवड दर वर्षी नव्याने होते, आधी घेतले म्हणून पुन्हा घेतीलच असे नाही. त्यामुळे पुढचा अर्ज भरण्याचे काम या वेळी पुतण्याकडे न देता वहिनी आणि शिवणाऱ्या दोघी मिळून करत आहेत.